खेळाच्या चित्रफिती आणि आपले आत्मपरीक्षण

(संस्थेचे वार्षिक स्नेहसंमेलन व गुणवंत विद्यार्थी सत्कार या प्रसंगी झालेले भाषण)



आजच्या समारंभात विद्यार्थ्यांस उद्देशून चार शब्द सांगावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्ही पुष्कळ विचार केला. शिस्त, उद्योग आणि मातापित्यांची सेवा या विषयांवर याच व्यासपीठावरून आमच्याहून अधिकारी पुरुषांची भाषणे झालेली आहेत. त्यांची पुनरुक्ती करण्यापेक्षा एका परक्या देशातील खेळाविषयी बोलावे असे आम्ही योजिले आहे. गतवर्षी आमच्या पुतण्याच्या आग्रहावरून अमेरिकेतील ओहायो राज्यात चार महिने राहण्याचा योग आला. त्याचा मुलगा तेथील माध्यमिक शाळेच्या फुटबॉल संघात आहे. तो संघ सामन्यांच्या चित्रफितींचा अभ्यास ज्या पद्धतीने करतो, ती पद्धती आपल्या संस्थेच्या कार्यासही उपयोगी पडेल, अशी आमची खात्री झाली आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. चेंडू अंडाकृती असतो आणि तो बहुतांशी हातांनीच नेला अथवा फेकला जातो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. ज्याच्या हाती चेंडू त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. या प्रयत्नास डाऊन म्हणतात. चौथ्या प्रयत्नात बहुधा चेंडू लाथेने दूर धाडून देतात, म्हणून खरी कसोटी तिसऱ्या डाऊनला लागते. आपल्या कबड्डीच्या स्पर्धांत दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी 'करा किंवा मरा' अशी असते, तद्वतच हे समजावे.

प्रत्येक चाल पाच-सात सेकंदांत संपते. मग गडी पुन्हा जागा घेतात आणि नवी चाल सुरू होते. अशा शंभर-सव्वाशे चाली एका सामन्यात होतात. आता पुढील शुक्रवारी ज्या संघाशी गाठ आहे, त्याच्या मागील चार-पाच सामन्यांच्या चित्रफिती हाती आल्या, तर पाचशेहून अधिक चाली समोर येतात. त्या प्रारंभापासून अखेरपर्यंत पाहत बसल्यास डोळे शिणतात, परंतु पदरात काही पडत नाही. पाहणे निराळे आणि अभ्यासणे निराळे, हा भेद येथेच प्रथम ध्यानी येतो.

यावर तेथील लोकांनी जो उपाय काढला तो ग्रंथपालाचा आहे. चित्रफितीचे प्रत्येक चालीगणिक तुकडे पाडावयाचे आणि प्रत्येक तुकड्यापुढे ठराविक रकाने भरावयाचे. चाल आक्रमणाची, बचावाची की लाथेची, डाऊन कितवा, किती यार्ड हवे होते, चेंडू मैदानाच्या डाव्या बाजूस, मध्ये की उजव्या बाजूस होता, गड्यांची मांडणी कोणती, धाव घेतली की चेंडू फेकला, आणि अखेरीस किती यार्ड मिळाले वा गेले. हे रकाने भरून झाले म्हणजे संगणकास प्रश्न विचारता येतो. तिसरा डाऊन, सात यार्डांहून अधिक अंतर, चेंडू डावीकडे, एवढे सांगितले की तेवढ्याच चाली निघून एका माळेत ओवल्या जातात. या माळेस ते प्लेलिस्ट म्हणतात. समजा, अशा चौदा चालींपैकी अकरा चालींत प्रतिपक्षाने चेंडू मैदानाच्या रुंद बाजूस फेकला. तर बचावाच्या गड्यांस शुक्रवारी कोठे उभे राहावे, हे कळावयास फार बुद्धी लागत नाही.

ही विद्या आजची नव्हे. सिड गिलमन या विख्यात प्रशिक्षकाच्या घराण्याची चित्रपटगृहे होती. तेथे दाखविल्या जाणाऱ्या वार्तापटांतील फुटबॉलचे तुकडे कापून तो अभ्यासासाठी ठेवून घेत असे. पॉल ब्राउन हा मुळात ओहायोतील मॅसिलॉन येथील शाळेचा प्रशिक्षक. १९४६ साली क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघाची धुरा त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने गड्यांस वर्गात बसविले, वह्या भरावयास लावल्या, लेखी परीक्षा घेतल्या आणि चित्रफिती पाहून प्रत्येकास गुण दिले. आमच्यासारख्या शिक्षकास हे वाचून अभिमान वाटल्यावाचून राहत नाही. नौदलाच्या विद्यालयात अनेक वर्षे प्रतिपक्षाच्या टेहळणीचे काम करणारे स्टीव्ह बेलिचिक यांनी १९६२ साली याच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या काळी फिल्म खरोखरीच कात्रीने कापावी व डिंकाने चिकटवावी लागे. २००६ साली नेब्रास्का विद्यापीठातील तीन विद्यार्थ्यांनी लिंकन या गावी 'हडल' नावाची कंपनी काढली. तिच्यामुळे हे काम खेडेगावच्या शाळेसही सुलभ झाले असून, मुले आपापल्या फोनवर आपापली माळ पाहतात.

यंत्र सुलभ झाले, तरी विवेक माणसानेच करावयाचा असतो. आम्ही त्या शाळेत जे पाहिले त्यातील तीन गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट, नावे एकच असावी लागतात. एकाच मांडणीस एकाने एक नाव दिले आणि दुसऱ्याने दुसरे, तर निम्म्या चाली माळेबाहेर राहतात आणि निष्कर्ष खोटा ठरतो. म्हणून मोसमाच्या आरंभीच शब्दांची यादी भिंतीवर लावलेली असते. दुसरी गोष्ट, तीन चालींवरून कोणाची सवय ठरवू नये. शिवाय सामना हातचा गेल्यावर, निकाल निश्चित असताना खेळलेल्या चाली निराळ्या काढाव्या, कारण त्या वेळी कोणीही आपल्या रीतीने खेळत नाही. तिसरी गोष्ट, माळ आखूड असावी आणि ज्याची त्यास असावी. आघाडीच्या धिप्पाड गड्यास शंभर चाली दाखविण्यापेक्षा त्याच्या समोर जो उभा राहणार आहे त्याच्या बारा चाली दाखविल्या, तर त्या त्याच्या स्मरणात राहतात.

या परिश्रमाचे फळ कसे मिळते याचे एक उदाहरण जगजाहीर आहे. १ फेब्रुवारी २०१५ रोजी ॲरिझोना राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना न्यू इंग्लंड आणि सिॲटल या संघांत झाला. न्यू इंग्लंड २८ आणि सिॲटल २४ अशी गुणसंख्या होती; अर्धे मिनिटही उरले नव्हते आणि सिॲटलचा संघ सीमारेषेपासून अवघ्या एका यार्डावर येऊन ठेपला होता. एवढे अंतर काटले की विजय त्यांचा. अशा वेळी त्या संघाने उजव्या बाजूस दोन गडी एकामागे एक उभे केले. मांडणीवरून कोणती चाल येऊ शकेल, हे न्यू इंग्लंडच्या अभ्यासकांनी आधीच हेरले होते आणि त्या आठवड्याच्या सरावात ती चाल आपल्याच राखीव गड्यांकडून करवून घेतली होती. सरावात तिच्यापुढे फसलेला एक गडी होता माल्कम बटलर. हा पहिल्याच वर्षाचा नवखा मुलगा; वार्षिक निवडीत त्यास कोणत्याही संघाने घेतले नव्हते. त्या रात्री ती मांडणी पाहताच त्याने ती ओळखली, चेंडू फेकला जाताच झेपावला आणि प्रतिपक्षाच्या हाती जाण्यापूर्वीच तो पकडला. सामना तेथेच संपला. सरावातील चूक दडवून ठेवली असती, तर अंतिम सामन्यातील ती झेप त्यास साधली असती का, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

याच संघाविषयी दुसरीही गोष्ट सांगणे न्यायाचे होईल. २००७ साली प्रतिपक्षाच्या प्रशिक्षकांच्या खुणांचे नियमबाह्य चित्रण केल्याबद्दल त्याच न्यू इंग्लंड संघास अडीच लक्ष डॉलर आणि त्याच्या मुख्य प्रशिक्षकास पाच लक्ष डॉलर दंड झाला. शिवाय पुढील वर्षाच्या निवडीतील पहिला हक्कही गमवावा लागला. सर्वांस मोकळेपणी मिळणाऱ्या चित्रफिती मन लावून पाहणे हा अभ्यास होय. चोरून मिळविणे ही चोरीच होय. विद्या तीच, परंतु साधन अशुद्ध झाले की कीर्तीस डाग लागतो.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. चित्रफितींच्या माळा दोन प्रकारच्या असतात. एक माळ दाखविण्यासाठी. महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून प्रत्येक होतकरू खेळाडू आपल्या उत्तमोत्तम चालींची तीन-चार मिनिटांची माळ करून धाडतो. तीत चूक एकही नसते आणि नसावीच. परंतु जाणता प्रशिक्षक ती पाहून संपूर्ण सामन्याची चित्रफीतही मागवितो. दुसरी माळ शिकण्यासाठी. तीत निसटलेले झेल, चुकलेल्या पकडी, गमावलेले तिसरे डाऊन असतात. उत्तम संघ ही दुसरी माळ प्रतिपक्षाची तर करतातच, पण स्वतःचीही करतात. प्रतिपक्ष आपणांकडे ज्या डोळ्यांनी पाहील त्या डोळ्यांनी ते स्वतःकडे पाहतात. त्या शाळेत शनिवारी सकाळी ही माळ दाखवीत असत. ज्याची चूक पडद्यावर असे तो सर्वांच्या मध्ये बसलेला असे. परंतु कोणी हसावयाचे नाही, असा प्रशिक्षकांचा सक्त दंडक होता आणि तो पाळला जात असे.

बंधुभगिनींनो, आपली ही स्मरणिका म्हणजे पहिल्या प्रकारची माळ होय. दरवर्षी आपण गुणवंतांची छायाचित्रे छापतो, त्यांस शाल-श्रीफळ देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दुसरी माळ आपण कधी केली आहे काय? संस्थेने ज्यांस शिष्यवृत्ती दिली त्यांपैकी किती मुलांचे शिक्षण मध्येच थांबले, कोणत्या इयत्तेत थांबले आणि कशामुळे थांबले, याचा तक्ता आपल्यापाशी नाही. आहेत ती कपाटात दोरीने बांधून ठेवलेली अर्जांची बाडे. ती बाडे म्हणजे न कापलेली फिल्म होय. प्रत्येक अर्जात मुलाची इयत्ता, गुण, वडिलांचा व्यवसाय, घरापासून शाळेचे अंतर, सारे काही लिहिलेले आहे. फक्त कोणी रकाने पाडलेले नाहीत आणि पुढे काय झाले हा शेवटचा रकाना भरलेला नाही.

म्हणून आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना आहे, की मागील दहा वर्षांच्या अर्जांची अशी नोंद करावी. दहावीनंतर थांबलेल्यांची यादी वेगळी, अकरावीस शास्त्र शाखा घेऊन बारावीपूर्वी सोडलेल्यांची वेगळी, विवाहामुळे शिक्षण सुटलेल्या मुलींची वेगळी. मग प्रत्येक यादीपुढे एकच प्रश्न मांडावा : येथे आपली मदत वेळेवर पोचली होती काय? वसतिगृहाची जागा हवी होती आणि आपण पुस्तके दिली, असे कोठे झाले आहे काय? हे काम संगणक जाणणारी आजची ही सत्कारमूर्ती मुले दोन सुट्ट्यांत करू शकतील. नोंदी समजावून देण्यास आम्ही स्वतः दर रविवारी संस्थेच्या कार्यालयात येऊन बसू.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, की अपयशाच्या याद्या करणे म्हणजे ज्ञातीची नाचक्की. त्यांस आमचे सविनय उत्तर असे, की या याद्या छापावयाच्या नाहीत. नावे कपाटातच राहतील. बाहेर येईल तो केवळ आकडा आणि त्यामागील कारण. मुलावर ठपका ठेवण्यासाठी हे करावयाचे नसून, पुढील मूल त्याच ठिकाणी अडखळू नये म्हणून करावयाचे आहे. शनिवारच्या त्या वर्गातील दंडक येथेही लागू : हसावयाचे नाही.

आज ज्यांचा सत्कार होत आहे त्या मुलामुलींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो.