थकलेल्या एलीयाला आधी भाकर मिळाली

कोणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकत असेल, कोणी लोकलच्या दारात उभं राहून, तर कोणी नाइट शिफ्ट संपवून अंथरुणावर पडल्या पडल्या. आजचा भाग त्या शेवटच्या लोकांसाठी जरा जास्तच आहे. कारण विषय आहे थकवा. साधा, रोजचा, झोप झाली तरी न जाणारा थकवा. आणि चर्चमध्ये त्याबद्दल आपण काय बोलतो, किंवा खरं सांगायचं तर, काय बोलत नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ऑन-कॉल नावाचा एक प्रकार असतो. आठवडाभर फोन उशाशी. रात्री तीन वाजता सर्व्हर पडला की तुम्ही उठायचं. पण या कामात माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. माणूस अडचणीच्या दिवशी कोसळत नाही. रिलीज असतो त्या रात्री सगळे जागे, चहावर चहा, अंगात वारं भरलेलं. रिलीज नीट होतो, ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी येतात. आणि मग सोमवारी सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकवत नाही. सगळं चांगलं झालेलं असताना!

हेच बायबलमध्ये कुठे दिसतं? पहिलं राजे, अध्याय अठरा आणि एकोणीस. दोन्ही लागोपाठ वाचा, कारण गंमत त्या जोडणीत आहे.

अठराव्या अध्यायात एलीया कर्मेल डोंगरावर उभा आहे. समोर बआलचे साडेचारशे संदेष्टे आणि हा एकटा. स्वर्गातून अग्नी उतरतो, लोक देवाकडे वळतात, आणि एवढ्या दिवसांच्या दुष्काळानंतर पाऊस येतो. एलीया त्या पावसात अहाब राजाच्या रथापुढे धावत इज्रेलपर्यंत जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर आयुष्यातला सगळ्यात मोठा रिलीज, आणि तोही शंभर टक्के यशस्वी.

आता पान उलटा. ईजबेल राणीचा एक निरोप येतो, की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. साडेचारशे लोकांसमोर न डगमगलेला माणूस एका निरोपाने पळतो. तोही थोडाथोडका नाही. देशाच्या उत्तर भागातून थेट दक्षिणेला, बैर-शेबापर्यंत. तिथे आपल्या चाकराला मागे ठेवतो. मग एकटाच रानात दिवसभराची वाट चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की आता पुरे झालं, माझा प्राण घे. आणि झोपतो.

इथे जरा थांबू या. हे शब्द कोणाच्या तोंडी आहेत? अविश्वासू माणसाच्या नाही, बायबलमधल्या सगळ्यात मोठ्या संदेष्ट्यांपैकी एकाच्या. शास्त्राने ते लपवले नाहीत. आणि चाकराला मागे ठेवणं हेसुद्धा बारकाईने बघा. खूप थकलेला माणूस आधी माणसं तोडतो. मेसेज बघतो, उत्तर देत नाही. ओळखीचं वाटतंय ना?

आता देव काय करतो? मी अनेक संदेश ऐकलेत, आणि या जागी आपल्यापैकी बहुतेकांनी काय केलं असतं ते मला माहीत आहे. म्हटलं असतं, भाऊ, प्रार्थना कमी पडली. कालचा अग्नी विसरलास का? उपास कर. देव यातलं काहीच म्हणत नाही. देवदूत येतो, त्याला हात लावून जागं करतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पितो आणि चक्क पुन्हा झोपतो. कोणी रागावत नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला देतो आणि कारणही सांगतो, की पुढची वाट तुला झेपणारी नाही.

मला हे कारण फार आवडतं. तू कमजोर आहेस असं तो म्हणत नाही. वाट मोठी आहे, असं म्हणतो.

मग चाळीस दिवस, चाळीस रात्री चालून एलीया होरेब डोंगरावर पोहोचतो. तिथे, झोप आणि जेवण झाल्यानंतर, देव पहिला प्रश्न विचारतो की तू इथे काय करतो आहेस. एलीया तक्रार करतो, की मी एकटाच उरलो. मग वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी तो मंद आवाज. यावर आपण पुष्कळ संदेश ऐकतो. पण त्यानंतरचं कोणी फारसं सांगत नाही. देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि एलीया तीच तक्रार जवळजवळ शब्दाला शब्द पुन्हा करतो. एवढा मोठा अनुभव येऊनही लगेच त्याचा मूड बदलत नाही. आणि देव तेही ऐकून घेतो. मित्र तेच रडगाणं दुसऱ्यांदा गायला लागला की आपण मोबाइल हातात घेतो. देव ऐकतो.

आणि उत्तर काय मिळतं? त्यातल्या दोन गोष्टी बघा. पहिली, तू एकटा नाहीस, इस्राएलात सात हजार लोक आहेत. दुसरी, अलीशाला जाऊन भेट, पुढे तुझ्या जागी तो काम करेल. आयटीवाल्यांनो, कळलं का? याला आपल्याकडे केटी देणं म्हणतात. सगळं काम एकाच माणसाच्या डोक्यात असेल तर तो आजारी पडला की प्रोजेक्ट बसतो. एलीयाला वाटत होतं की आपणच शेवटचे. देवाच्या यादीत पुढचा माणूस आधीच होता, बारा जोड्या बैलांची नांगरणी चालू असलेल्या शेतात.

आता हे सगळं आपल्या तरुण संघात आणू या.

डिसेंबर महिना डोळ्यांसमोर आणा. कॅरल राउंड रात्री बारा-एकपर्यंत. नाताळच्या नाटकाची प्रॅक्टिस. देवळाची सजावट, लायटिंग, स्टार. चोवीसच्या रात्रीची उपासना, पंचवीसची उपासना, मग एकतीसची रात्र. आणि हे सगळं करणारी माणसं किती? तीच सहा. कोणतंही चर्च घ्या, ती सहा माणसं सापडतील. दिवसा नोकरी, रात्री ढोलक.

आमच्या संघात एक कीबोर्ड वाजवणारा मुलगा आहे. परदेशी क्लायंटची सपोर्टची नोकरी, म्हणजे रात्रपाळी. रविवारी सकाळी तो ऑफिसच्या कॅबमधून उतरून थेट उपासनेला यायचा. एका वर्षी नाताळ झाला आणि जानेवारीत तो यायचा बंद झाला. फोन नाही, मेसेज नाही. ग्रुपवर हळूहळू कुजबुज सुरू झाली, की विश्वास थंड झाला, जगात गेला, पैसा आला की असंच होतं. बाकीचे विचारत होते, येत्या रविवारी कीबोर्ड कोण वाजवणार?

महिला मंडळातल्या एक काकू त्याच्या खोलीवर गेल्या. हातात डबा. दार उघडल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलास का रे?" देवळात का येत नाहीस हे विचारलंच नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा डबा. तिसऱ्या वेळी तो स्वतःहून बोलला. तीन महिने तो दिवसाला चार तास झोपत होता. गावाकडे वडिलांचं कर्ज होतं, नोकरी सोडता येत नव्हती. देवाशी त्याचं भांडण नव्हतंच. अंगात जीवच उरला नव्हता.

काकूंनी एकोणिसाव्या अध्यायावर कधी संदेश दिला नसेल. पण देवदूताने केलं तेच त्यांनी केलं. डबा, मग पुन्हा डबा, आणि प्रश्न नंतर.

तो परत आला तेव्हा मागच्या बाकावर बसला. पाळक साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की याला कोणी कीबोर्डजवळ बोलवायचं नाही. आज तो महिन्यातून एकच रविवार वाजवतो. बाकीचे रविवार अकरावीतली एक मुलगी वाजवते, तिला त्यानेच शिकवलं. आमचा अलीशा! आता संघाने यादी केली आहे. प्रत्येक कामाला दोन माणसं. नाताळनंतर कमिटीला दोन आठवडे सुट्टी. आणि मीटिंगच्या सुरुवातीला पोहे. हसू नका, पोह्यांनी खूप फरक पडतो.

कोणी म्हणेल, ही तर आळसाला सूट झाली. नाही हो. एलीया त्या जेवणाच्या बळावर चाळीस दिवस चालला, आणि पुढे कामही केलं. शास्त्रात विश्रांती ही आज्ञा आहे, आणि ती फक्त आपल्यासाठी नाही. अनुवाद, अध्याय पाच वाचा. तिथे शब्बाथाचं कारण दिलंय की तुम्ही मिसर देशात गुलाम होता, म्हणून तुमच्या दास-दासींनाही विसावा मिळू द्या. विसावा न मिळणं हे गुलामीचं लक्षण आहे.

आणि आपल्या महाराष्ट्रात तर रविवारची सुट्टी भांडून मिळाली आहे. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सहकारी, मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी. त्यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, सत्यशोधक होते. पण थकलेल्या माणसाला दम घेऊ द्यावा हे त्यांना कळलं होतं. मग आपण आपल्या तरुणांचा रविवार सकाळी सात ते रात्री नऊ भरून टाकायचा का?

एक गोष्ट आता गंभीरपणे. एलीयाने मरण मागितलं होतं. तुमच्या मनात असे विचार येत असतील तर ते पाप आहे म्हणून दाबून ठेवू नका. आजच कोणाला तरी सांगा. आईला, मित्राला, पाळकांना. आणि १४४१६ हा नंबर सेव्ह करा, सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. देवाने एलीयाला उभं केलं ते भाकर आणि पाणी देऊन. मग आपल्याला गोळी आणि समुपदेशन देऊन तो उभं करणार नाही का?

तर या आठवड्याचं काम. तुमच्या संघातून गेल्या दोन-तीन महिन्यांत गायब झालेला एक चेहरा आठवा. त्याला फोन करा. कधी येणार, हे विचारू नका. कुठलंही काम सांगू नका. जेवलास का, झोप होते का, एवढंच विचारा. जमलं तर डबा घेऊन जा. आणि तो गायब चेहरा तुमचाच असेल, तर एखाद्या रविवारी मागच्या बाकावर येऊन नुसते बसा. तेवढं पुरेसं आहे.

छोटी प्रार्थना करू या. प्रभू, आज जे दमून ऐकत आहेत त्यांना शांत झोप दे. त्यांच्या दारात डबा घेऊन जाणारं कोणीतरी पाठव. आणि ते कोणीतरी आम्हीच असू तर आम्हाला वेळेवर उठव. आमेन.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि आता फोन ठेवून झोपा बरं!