भुताची कुल्फी

मे महिना लागला, म्हणजे घरोघरी भाचे-पुतणे जमले असणार. यंदा आमच्या गटातल्या पोरांना पार्टी हवी, तीही भुताची! मोबाइलवर बघतात ना. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन असतो. तांबड्या भोपळ्याला डोळे-तोंड कोरून आत दिवा ठेवतात, मुलं भुतांचे कपडे घालून दारोदार खाऊ मागतात. आपली सुट्टी उन्हाळ्याची, तेव्हा आपण भूत कुल्फीचं करू. फ्रीज लागत नाही.

दोन लिटर म्हशीचं दूध निम्मं होईपर्यंत आटवा. कडेची साय खरवडून आत घालत राहा, खरी चव तिच्यातच. दीड वाटी साखर घाला. गोठल्यावर गोडी कमी लागते, म्हणून गरम असताना दूध जरा जास्तच गोड लागलं पाहिजे. वेलची चालेल. केशर नको, भूत पांढरं हवं. दूध पूर्ण गार झालं की साच्यांत भरा, वर बोटभर जागा सोडा. झाकण लावून कडेने कणीक घट्ट दाबा.

कणीक कशासाठी, ते नीट ऐका. साचे माठात किंवा बादलीत ठेवायचे आणि भोवती फोडलेला बर्फ नि जाडं मीठ भरायचं. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ. मिठामुळे बर्फ भराभर वितळतो आणि वितळताना साच्यातली उष्णता ओढून घेतो. पण हा लादीचा बर्फ बहुतेक वेळा मासळी आणि माल गार ठेवायला केलेला असतो. कुठल्या पाण्याचा, देव जाणे. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायची सक्ती आहे. तरी लादी पांढरी दिसली म्हणून ती खाण्याची समजू नका. त्याचा थेंबही कुल्फीत जायला नको. उरलेला तुकडा सरबतात टाकू नका, पोरांना चोखायला देऊ नका. जुलाब आणि कावीळ अशा बर्फातून घरात येतात.

माठाला गोणपाट गुंडाळा, अधूनमधून हलवत राहा. तास-दीड तासात कुल्फी धरते. साचा आधी चांगल्या पाण्याने धुऊन पुसा, मगच कणीक काढा. मग कुल्फी वाटीत उलटी उभी करा. खाली रुंद, वर निमुळती, पांढरीफटक. डोळ्यांना दोन काळे मनुके, तोंडाला खजुराचा तुकडा. लवंग-मिरी खोचू नका, लहानग्याच्या घशात जायची.

ताडगोळे मिळत असतील तर सोलून, मधोमध अर्धं करवंद बसवा. वाटीतून डोळाच बघतोय असं वाटतं! आमच्याकडे पोरं किंचाळली आणि दुसरा मागून खाल्ला.

रक्तासाठी बीट किसून पिळा, रसात साखर घालून दाट होईपर्यंत उकळा. गार करून वाढताना वरून सोडा. बाजारातली भडक लाल-गुलाबी पूड घेऊ नका. कपड्याचा रंगसुद्धा खाण्याचा म्हणून खपवतात.

आणि धूर. लग्नात बघितलेला पांढरा धूर पोरं मागतील. तो कोरड्या बर्फाचा असतो, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, शून्याखाली ७८ अंश. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्रामला एका उपाहारगृहात मुखवास समजून पाच जणांनी तो तोंडात टाकला, तोंडातून रक्त आलं, दवाखान्यात न्यावं लागलं. आपलं भूत बिनधुराचंच बरं.

एक पोरगी म्हणाली, काकू, केस सोडलेली हडळ करू. मी नको म्हटलं. चेटकीण म्हणून बाईलाच मारतात, २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला तरी असं अजून कानावर येतं. तिला मग मिशीवाला मुंजा करायला दिला, जिऱ्याची मिशी लावून. तोच सगळ्यात आधी संपला.

माठातलं खारं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, झाड वाळतं. उन्हात परातीत ठेवलंत तर मीठ परत मिळतं. ते पुढच्या कुल्फीला वापरा, स्वयंपाकाला नको.