चित्रांची पुस्तकं घरी न्या

(जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या एका वाचनगटाच्या बैठकीत केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत ठरलं होतं, प्रत्येकाने वर्षभरात काय वाचलं ते सांगायचं. मी म्हणालो, कॉमिक्स. दोघंतिघं हसले. एकाने विचारलं, ‘एम.ए. झाल्यावर कॉमिक्स?’ त्या हसण्याचा मला राग नाही. आपल्या घरांत पुस्तक आलं तेच मुळी परीक्षेसाठी. गाईड, नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिका, एवढ्या शिदोरीवर आपण घरातले पहिले पदवीधर झालो. चित्रं बघत बसायला आपल्याकडे वेळ कुठे होता?

पण या वर्षी मी सहा पुस्तकं अशी वाचली, की ती माझ्या अभ्यासाच्या टेबलावर राहिली नाहीत. ती घरात फिरली. त्यांच्याबद्दल बोलतो.

पहिलं ‘भीमायन’. 2011 साली नवयानने काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे दोघं परधान गोंड कलाकार. दुर्गाबाई आपल्या शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या, शाळेत न गेलेल्या. पुढे 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुस्तकात बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिलेले अनुभव आहेत: शाळेतली तहान, 1901 सालचा कोरेगावचा प्रवास, बडोद्यात न मिळालेलं घर, दौलताबादच्या किल्ल्यावरचं पाणी. सुरुवात मात्र आजच्या एका बसस्टॉपवर होते. एक तरुण आरक्षणाच्या नावाने बोटं मोडत असतो आणि एक बाई त्याला हा इतिहास सांगू लागते. तो तरुण आपल्यापैकी प्रत्येकाला कॉलेजात भेटलेला आहे.

व्याम दांपत्याने पानावर चौकटी आखल्या नाहीत. माणसांना खोक्यात कोंबायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची आगगाडी साप होते, किल्ला हिंस्र प्राणी होतो. आणि बोलण्याचे फुगे दोन तऱ्हेचे: साध्या, निरुपद्रवी बोलण्याचा फुगा पाखरासारखा, जातीचं विष ओकणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.

हे मला पुस्तकाबद्दल वाचून कळलं. माझ्या आईला न वाचता कळलं. तिची शाळा दुसरीत सुटली, पुढे आयुष्यभर विड्या वळल्या. एका दुपारी ती पुस्तक चाळत बसली होती. इंग्रजी अक्षरांचा प्रश्नच नव्हता. तिने नांगीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘हा डंख मारून बोलून राहिला ना? आमचा मुनीम अस्साच बोलायचा.’ मग तो मुनीम वळलेल्या विड्या कशा वरून टाकायला लावायचा, हाताला हात लागू नये म्हणून, ते तिने सांगितलं. माझं वय एकतीस. एकतीस वर्षांत ही गोष्ट तिने मला सांगितली नव्हती. मीही विचारली नव्हती. माझ्या पदवीने जे काम केलं नाही, ते एका नांगीने केलं.

दुसरं पुस्तक ‘द लंडन जंगल बुक’, तारा बुक्सचं, 2004 सालचं. भज्जू श्याम हे डिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढचे. भोपाळला रात्रीचे चौकीदार होते. लंडनच्या एका हॉटेलच्या भिंती रंगवायला गेले आणि परत येऊन त्यांनी लंडनच चितारलं. तिथलं बिग बेन घड्याळ आणि गावातला कोंबडा त्यांनी एक केला, कारण दोघांचं काम वेळ सांगण्याचं. याच पाटनगढात एकेकाळी व्हेरिअर एल्विन राहून गोंडांवर लिहीत होते. आता त्याच गावचा माणूस इंग्रजांच्या शहराकडे बघून सांगतो, हे लोक असे आहेत बरं का. आपल्यावर नेहमी कुणीतरी अभ्यास करतं. आपणही अभ्यास करू शकतो, हे मला या पुस्तकाने हसत हसत शिकवलं.

तिसरं, ओरिजित सेन यांचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’. 1994 साली आलेलं हे पुस्तक भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी मानलं जातं. विषय आपली नर्मदा. एका बाजूला गायन सृष्टीच्या जन्माची कथा गातो, दुसऱ्या बाजूला एक तरुण पत्रकार धरणग्रस्तांच्या गावात जातो. इथून ग्वारीघाट काही लांब नाही. आपण तिथे संध्याकाळी दिवे बघायला जातो. वरच्या अंगाला बरगी धरणात कुणाकुणाची गावं गेली, हे बघायला किती जण गेलो?

चौथं, ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’, 2011. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांनी जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ काळ्यापांढऱ्या चित्रांत मांडली. ‘गुलामगिरी’ आली 1873 साली, आणि ती आहे धोंडिबा आणि जोतीराव यांच्यातला संवाद. जोतीरावांनी 1869 साली शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला होता. सत्यशोधकांनी जलसे केले, पुढे आंबेडकरी जलशांनी गावं जागवली. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यापर्यंत विचार न्यायचा कसा, हा आपल्या चळवळीपुढचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न आहे. म्हणून कॉमिक्स मला परकं वाटत नाही. ते जलशाच्या कुळातलं आहे.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनाही हे उमगलं होतं. 1957 साली तिथे माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर एक छोटं कॉमिक निघालं, किंमत दहा सेंट. ते वाचणाऱ्यांत अलाबामातला जॉन लुईस नावाचा मुलगा होता. तो पुढे चळवळीचा नेता झाला, खासदार झाला, आणि म्हातारपणी त्याने आपली कहाणी ‘मार्च’ या तीन भागांच्या कॉमिकमध्येच सांगितली. हे माझं पाचवं पुस्तक.

सहाव्याने झोप उडवली. ‘नो लाफिंग मॅटर’, 2019. उन्नमती श्यामसुंदर यांनी 1932 ते 1948 या काळातली, बाबासाहेबांवरची शंभरहून अधिक व्यंगचित्रं गोळा केली आणि प्रत्येकाखाली लिहिलं की इथे नेमकं काय चाललं आहे. 2012 साली शाळेच्या पुस्तकातल्या गोगलगायीच्या चित्रावरून वाद झाला, तेव्हा आपल्याला सांगितलं गेलं, तुम्हाला विनोद कळत नाही. हे पुस्तक एकेक चित्र पुढे ठेवून विचारतं: बाबासाहेब दरवेळी ठेंगणे का? कधी बाईच्या रूपात का? चित्र निरागस नसतं, एवढं जरी आपण यातून घेतलं तरी पुष्कळ.

आता तक्रार. या सहांपैकी एकही मी मराठीत वाचलं नाही. किंमतीही आपल्या घरांना परवडणाऱ्या नाहीत. आणि एक गोष्ट मला टोचते. ‘भीमायन’मध्ये अनुभव बाबासाहेबांचा, हात गोंड कलाकारांचा, पण शब्द दुसऱ्यांचे. पुस्तक चांगलं आहे, माझ्या आईने ते सिद्ध केलं. तरी ही वाटणी कायमची असू नये. त्या पुस्तकाचे मुख्य भाग पाणी, निवारा, प्रवास असे आहेत. रुपयावर प्रबंध लिहिणारे बाबासाहेब, मजूरमंत्री बाबासाहेब अजून आपल्या कॉमिकची वाट बघत आहेत. ते कोण करणार?

माझे आजोबा गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीने या शहरात आले, एक ट्रंक आणि कारखान्यातल्या कामाचा निरोप घेऊन. ती गाडी आता नाही. ट्रंक आहे. मला चित्र काढता येत नाही, म्हणून मी आईला विचारून ती गोष्ट वहीत लिहून काढतोय, एका पानावर एक प्रसंग, अर्धं पान कोरं ठेवून. आठ पानं झालीत. विड्यांचं पान पाचवं आहे. तुमच्यापैकी कुणाचा हात चांगला असेल तर बैठकीनंतर भेटा.

बाकीच्यांना एवढंच सांगतो: ‘भीमायन’ची ही प्रत मी इथे ठेवून जातोय. पाळीपाळीने घरी न्या. स्वतः वाचण्याआधी आईच्या, आजीच्या हातात द्या. मग गप्प बसा आणि ऐका.

जय भीम.