हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना आला म्हणजे पेन्शन घेणाऱ्या प्रत्येक वृद्धास एका चमत्कारिक परीक्षेला बसावें लागतें. आपण जिवंत आहों हें त्यानें सिद्ध करावयाचें असतें. पूर्वीं बँकेत जावें, ओळखीच्या कारकुनासमोर सही करावी आणि चार शब्द बोलून घरीं परतावें, एवढेंच काम असे. २०१४ सालीं सरकारनें ‘जीवन प्रमाण’ ही नवी सोय सुरू केली. यंत्रावर बोट टेंकलें कीं आधार क्रमांकावरून माणसाची ओळख पटते आणि दाखला परस्पर रवाना होतो. ज्यांना जिना उतरणेंहि कठीण, त्यांच्यावर हे मोठेच उपकार झाले यांत शंका नाहीं.

परंतु पुण्यांतील एका एकोणऐंशीं वर्षांच्या गृहस्थांना २०२२ सालच्या नोव्हेंबरांत या यंत्रानें तीनदां नाकारलें. वयोमानानें बोटांवरील रेषा झिजतात व पुसट होतात. यंत्राला त्या वाचतां येत नाहींत. ज्या बोटांनीं तारखात्याची चाळीस वर्षें चाकरी केली, तीं बोटें आतां त्यांचीं म्हणून ओळखलीं जाईनात!

सुदैवानें २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आहे. घरीं आल्यावर नातीनें फोन आपल्या हातांत घेतला. “आजोबा, इकडे बघा. आतां पापण्यांची उघडझाप करा,” असें ती म्हणाली आणि दोन मिनिटांत काम झालें. सर्वांना आनंद झाला. आजोबा मात्र गप्प होते. दाखला मिळाला, पण तो कसा मिळाला हें त्यांना मुळींच कळलें नव्हतें. आपल्याच हयातीच्या कामांत ते नुसते पाहुणे झाले होते.

अशा वृद्धांना नव्याची भीति वाटते, असें तरुण मंडळी सहज म्हणून जातात. हें खरें नव्हे. हे गृहस्थ १९६३ सालीं तारखात्यांत लागले, तेव्हां तारयंत्राच्या कळेवर मोर्सची ‘कड-कट्ट’ शिकले. पुढें टेलिप्रिंटर आला, तोहि शिकले. नोकरीच्या अखेरीस संगणक आला, त्याच्याशींहि त्यांनीं जमवून घेतलें. जी तारसेवा त्यांनीं केली, ती २०१३ च्या जुलै महिन्यांत बंद झाली, तेंहि त्यांनीं समजून घेतलें. मात्र त्या काळीं प्रत्येक नव्या यंत्राबरोबर एक शिक्षक येत असे आणि हात बसेपर्यंत अवधि मिळत असे. आतां यंत्राचें रूप रात्रींतून पालटतें आणि शिक्षक कोणी येत नाहीं. निजतांना ओळखीचें असलेलें पान सकाळीं अनोळखी होऊन बसतें. बटणाची जागा बदलते, शब्दाच्या ठिकाणीं चित्र येतें. वृद्ध माणूस जागेच्या आठवणीवर चालतो. अंधाऱ्या माजघरांत देवळींतील काडेपेटी त्याला अचूक सांपडते ती त्यामुळेंच. ती देवळीच कोणी हलविली, तर दोष त्याच्या बुद्धीचा कसा?

पुढच्या वर्षीं या गृहस्थांना ऐंशीं वर्षें पुरीं झालीं. ऐंशीं वर्षांवरील केंद्र सरकारच्या पेन्शनरांना हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देतां येतो. त्यामुळें घाई नव्हती. ते नातीला म्हणाले, “बाळ, यंदां फोन माझ्या हातांत राहूं दे. तूं नुसती शेजारीं बस.” ती बसली. दोनदां तिचा हात पुढें आला आणि दोनदां तिनें तो मागें घेतला. तासभर लागला, चष्मा दोनदां पुसावा लागला. पण अखेर प्रमाण क्रमांकाचा संदेश आला. आजोबांनीं प्रत्येक पायरी तारेच्या भाषेंत, म्हणजे मोजक्या शब्दांत, वहींत उतरून घेतली. त्यानंतरच्या वर्षीं त्यांतील दोन ओळी खोडून नव्या लिहाव्या लागल्या. पण वही त्यांची होती आणि खोडणारा हातहि त्यांचाच होता.

या स्वावलंबनाचा उपयोग लवकरच दिसला. “तुमच्या हयातीच्या दाखल्यासाठीं फोनवर आलेला ओटीपी सांगा,” असा एका भामट्याचा फोन आला. ज्याला कांहींच ठाऊक नाहीं, तो घाबरून सांगून टाकतो. दाखला कसा निघतो हें यांना ठाऊक होतें. शिवाय तारेंतील मजकूर ज्याचा त्यालाच द्यावा, हा खात्याचा जुना नियम अंगीं मुरलेला होता. त्यांनीं फोन ठेवून दिला. असा प्रसंग आल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करतां येते, हेंहि वृद्धांच्या वहींत लिहिलेलें असावें.

ज्यांना हें मुळींच साधत नाहीं, त्यांच्यासाठीं कागदी दाखला अद्याप चालतो आणि टपालवाला घरीं येऊनहि काम करून देतो. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. परंतु ज्यांना शिकावयाचें आहे, त्यांच्या हातांतील फोन घरच्यांनीं काढून घेऊं नये. दोन मिनिटांच्या कामाला तास लागेल, तो लागूं द्यावा. लहानपणीं त्याच मुलांना पाटीवर श्री गिरवावयास शिकवितांना या हातांनीं कितीतरी तास दिले होते, आणि तेव्हां कोणी घड्याळ पाहिलें नव्हतें.