ईनियस कशासाठी निघाला?

एकदा वर्गात प्राचीन रोमन कवी व्हर्जिल याच्या ‘ईनिड’ या लॅटिन महाकाव्याची कथा सांगत होतो. नायक ईनियस कार्थेज नगरीत सुखात आहे, तेथील राणी डायडो त्याच्यावर अनुरक्त आहे, आणि तरीही एके दिवशी तो आपली गलबते समुद्रात लोटतो, येथवर कथा आली. तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘गुरुजी, तिथं सगळं बरं चाललं होतं, मग तो निघाला कशाला?’’ त्या मुलाचे वडील कामासाठी पुण्यास राहत असत. आमच्या भालकी, औराद, बसवकल्याण या भागांतील कितीतरी घरांची हीच कथा आहे. प्रश्न केवळ काव्याविषयी नव्हता, हे मला तेव्हाच उमगले. त्याचे उत्तर आज आपणांबरोबर शोधावे, असे मनात आहे.

महाकाव्याचा नायक प्रवासास निघतो तो बहुधा कीर्तीसाठी, धनासाठी किंवा घरच्या ओढीने. ग्रीक काव्यातील ओडिसियस समुद्रावर वर्षानुवर्षे भटकतो; परंतु त्याचे घर उभे आहे, पत्नी वाट पाहत आहे. ईनियसचे तसे नाही. त्याचे ट्रॉय नगर ग्रीकांनी जाळून टाकले आहे. परतावयाचे कोठे, हा प्रश्नच उरलेला नाही.

त्या रात्रीचे चित्र व्हर्जिलने मोठ्या ममतेने रेखाटले आहे. ईनियस वृद्ध पित्याला खांद्यावर घेतो, लहानग्या मुलाचा हात धरतो. कुलदेवतांच्या मूर्ती मात्र तो पित्याच्या हाती देतो. कारण आपले हात युद्धातील रक्ताने माखलेले, वाहत्या पाण्यात धुतल्यावाचून देवांना स्पर्श कसा करावा? देव्हाऱ्यातील टाक सोवळ्याने हाताळणाऱ्या आपल्याकडील आजीला हा संकोच समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. मागून चालणारी पत्नी क्रेउसा त्या धामधुमीत हरवते, आणि पुढे भेटते ती केवळ तिची छाया.

या वागणुकीस लॅटिनमध्ये ‘पिएतास’ असा शब्द आहे. भक्ती, पितृसेवा, स्वजनांविषयीचे कर्तव्य, हे सारे त्यात सामावते. आपल्या ‘धर्म’ या शब्दाचा जुना, व्यापक अर्थ त्याच्या बराच जवळ जातो. ईनियसला चालविते ते हे पिएतास.

परंतु तो आनंदाने चालतो, असे कोणी समजू नये. काव्याच्या आरंभीच्या वादळात, आपण ट्रॉयलाच मेलो असतो तर बरे झाले असते, असे तो म्हणतो. देववाणीचा अर्थ चुकल्यामुळे तो क्रीट बेटावर नगर वसवू पाहतो, आणि तेथे रोगराई गाठते. सिसिलीत पिता निवर्ततो. त्याच बेटावर पुढे सात वर्षांच्या भटकंतीने थकलेल्या स्त्रिया गलबतांनाच आग लावतात. तेव्हा ज्यांना पुढचा प्रवास झेपणार नाही, त्यांच्यासाठी तेथेच एक नगर वसवून तो उरलेल्यांसह निघतो.

मग सहाव्या सर्गात तो पाताळात जाऊन मृत पित्यास भेटतो. पिता त्याला अद्याप न जन्मलेले वंशज दाखवितो. आठव्या सर्गात अग्निदेव व्हल्कनने घडविलेली ढाल त्याला मिळते. तिच्यावर रोमचा भावी इतिहास कोरलेला आहे. ईनियसला त्यातले काही कळत नाही, तरी तो ती आनंदाने खांद्यावर घेतो. ज्या खांद्यावर एकदा बाप होता, त्याच खांद्यावर आता नातवा-पणतवांचे भाग्य आले! मागच्या पिढीचे ऋण आणि पुढच्या पिढीची आशा, ही त्याच्या प्रवासाची प्रेरणा होय.

मात्र या कर्तव्याची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. देवदूत मर्क्युरी येऊन मुलाच्या भवितव्याची आठवण देतो आणि ईनियस निघतो; मागे डायडो चितेवर प्राण देते. व्हर्जिलने तिचे दुःख झाकले नाही.

येथे मला आमच्या बिदरच्या वाटेवरील दुसरा प्रवासी आठवतो. बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे भुकेल्यांना मोकळी केली, असे परंपरा सांगते. त्यांना बंदिवान करून बिदरकडे नेले जात असता, विठ्ठलानेच विठू महाराच्या रूपाने दरबारात धान्याचे मोल भरले, अशी ही कथा आहे. ईनियसने आज्ञा ऐकली आणि समोरचे अश्रू दूर सारले. दामाजीपंतांनी समोरचे अश्रू पाहिले आणि आज्ञा दूर सारली. दोघेही स्वतःच्या सुखासाठी निघाले नाहीत. तरी आपले लोकमानस कोणाला वंदन करते, हे सांगावयास नको.

व्हर्जिललाही ही उणीव जाणवली असावी. शरण आलेल्यांवर दया कर, हा पित्याचा पाताळातील उपदेश होता. काव्याच्या अखेरीस शत्रू टर्नस गुडघे टेकून याचना करतो. ईनियस क्षणभर थांबतोही. इतक्यात टर्नसच्या खांद्यावर आपल्या मारल्या गेलेल्या तरुण मित्राचा, पॅलसचा, पट्टा त्याला दिसतो, आणि क्रोधाच्या भरात तो तलवार चालवितो. तेथेच काव्य संपते. ज्या पित्याला खांद्यावर वाहिले, त्याचा शब्द मात्र ऐन वेळी निसटला.

त्या मुलाला मी त्या दिवशी एवढेच सांगितले, ‘‘बाळ, तो स्वतःसाठी निघाला नाही. ज्यांचा भार घेतला, त्यांच्यासाठी निघाला.’’ मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, ‘‘पण जाताना सांगून गेला का?’’

श्रोतेहो, ईनियसने आधी आपणहून सांगितले नाही. गलबतांची तयारी त्याने गुपचूप चालविली होती. डायडोनेच ती ओळखली. घरासाठी दूर जाणाऱ्यांनी, आणि कर्तव्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपण सर्वांनीच, त्या बालकाचा हा दुसरा प्रश्न विसरू नये.