पोस्टरशेजारी कोण उभी राहणार?

(वस्ती-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



परिषदेत आपल्या गटाला भाषणाला वेळ मिळाला नाही, पोस्टरला जागा मिळाली, म्हणून काहीजणी नाराज आहेत. “आपल्याला भिंतीला लावलं,” असं मघाशी एकजण म्हणाली. खरं आहे. सत्रं प्राध्यापकांना आणि भिंती वस्तीतल्या बायकांना, अशी वाटणी बऱ्याच परिषदांत होते. त्याबद्दल आयोजकांशी भांडायचंच. पण भिंत आपल्याला परकी नाही. ‘झुबान’ या प्रकाशनसंस्थेने २००६ च्या सुमारास देशभरातल्या स्त्री-गटांची पोस्टर्स गोळा केली, तेव्हा हजाराहून जास्त जमली. एवढं आपण रंगवलं आहे!

मात्र मोर्चातलं पोस्टर वेगळं आणि परिषदेतलं वेगळं. मोर्चात ते लांबून दिसतं. परिषदेत बाई चहाचा कप घेऊन समोर येते, दोन मिनिटं थांबते आणि विचारते, “हे तुम्ही कसं केलंत?” आपण मात्र तिथे अख्खा वार्षिक अहवाल चिकटवतो. स्थापना, उद्दिष्टे, अध्यक्षांचा फोटो, देणगीदारांची चिन्हं. ८४ बाय ११९ सेंटिमीटरच्या कागदात काम सापडतच नाही. माइक मॉरिसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने २०१९ साली शास्त्रज्ञांना सांगितलं, की मुख्य गोष्ट साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत मधोमध लिहा. आपल्या घोषणा लिहिणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवायला नको.

मुंबईतली ‘राइट टू पी’ मोहीम घ्या. २०११ पासून कार्यकर्त्यांनी सार्वजनिक मुताऱ्यांची पाहणी केली. पुरुषांना फुकट आणि बायकांकडून पैसे, हे त्यातून पुढे आलं. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत एवढंच पुरे. बाकीचं तोंडी सांगता येतं.

दुसरं, ‘स्वयंसेविका १२’ एवढं लिहून थांबू नका. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, तर घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. या पाच तासांनंतर आपल्या बाया गल्लीगल्ली फिरतात. किती तास दिले, पोरं कुणी सांभाळली, बसभाडं कुणी दिलं, हे पोस्टरवर आलंच पाहिजे. नाहीतर बघणारा अधिकारी म्हणतो, “वा, फुकटात झालं!” आणि पुढच्या योजनेत तेच फुकट धरतो. आणि करणाऱ्यांची नावं लिहा, त्यांची हरकत नसेल तर. आपल्या पोस्टर्सवर बहुतेक वेळा ना साल असतं, ना करणारीचं नाव.

आता फोटो. इथे मी जरा कडक बोलणार आहे. मदतीला आलेल्या बाईचा फोटो लावायचा नाही. “तिने परवानगी दिली आहे,” असं सांगतात. पण ज्या ताईवर तिची केस अवलंबून आहे, त्या ताईला ती नाही म्हणेल का? बलात्कारित स्त्रीची ओळख छापणं १९८३ पासून गुन्हा आहे, आताच्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७२ मध्ये आहे. पण मार खाणाऱ्या बाईचं काय? कुणीतरी मोबाइलवर पोस्टर टिपतं आणि संध्याकाळी ते तिच्या दिराच्या हातात असतं. डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही, साडीवरून, गोंदणावरून, दारावरून माणसं ओळखतात. ‘तीन मुलींची आई, नवरा रिक्षावाला’ एवढ्यावरूनही वस्ती ओळखते. त्यापेक्षा बायकांनी काढलेला गल्लीचा नकाशा लावा. कुठे दिवा नाही, कुठे दारूचा गुत्ता आहे, ते त्यात दिसतं.

आणि शेजारी उभी कोण राहणार? जी पाहणीला फिरली ती. तिचं भाडं आणि बुडालेला रोज खर्चात आधीच धरा. कुणी इंग्रजीत विचारलं तर समन्वयक ताईने फक्त भाषांतर करायचं, उत्तर तिचं तिला देऊ द्यायचं. (ताईंना हे जड जातं, मलाही जातं.) जवळ एक वही ठेवा, दुसऱ्या गावची बाई आपला पत्ता लिहून जाईल.

परत आल्यावर पोस्टर कपाटामागे टाकू नका. समाजमंदिरात लावा, ज्यांनी काम केलं त्यांना वाचून दाखवा, त्या काय चुकलं ते सांगतील.

पुढच्या बैठकीला कोरे कागद आणि जाड खडू आणा. आधी मोठं वाक्य ठरवू.