श्रांत सेवकांस चित्रकलेचा विसांवा
(धर्मग्रामाच्या सुवर्ण-महोत्सवप्रसंगीं धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या व्याख्यानांत देवळाचा इतिहास सांगावा, अशी रीत आहे. तो ह्या पुस्तिकेंत अन्यत्र आलाच आहे. आम्हीं आज निवडलेला विषय ऐकून कांहीं मंडळी बुचकळ्यांत पडतील. तथापि ज्यांच्या घरची मुलगी किंवा सून परिचारिका आहे, आणि अशीं घरें आपल्यांत पुष्कळ आहेत, त्यांस तो परका वाटणार नाहीं. रोग्यांची सेवा करणारीं माणसें सेवा करतां करतां आंतून विझून जातात. त्यांस चित्रकलेचा कांहीं आधार देतां येईल काय, हा तो विषय होय.

ह्या अवस्थेस ‘बर्नआउट’ हें नांव देऊन हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर ह्या अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं तिचें वर्णन केलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं तिचीं तीन लक्षणें सांगितलीं: शक्तीचा क्षय, कामाविषयीं दुरावा किंवा तुच्छता, आणि आपल्या हातून धड कांहींच होत नाहीं अशी भावना. हा रोग नव्हे, कामाच्या ठिकाणच्या सततच्या ताणांतून उपजणारी अवस्था आहे, हेंही तिनें स्पष्ट केलें. आमच्या मतें तिन्हींमध्यें दुसरें लक्षण अधिक दारुण आहे. थकलेला देह झोपेनें पुन्हां उभा राहतो. परंतु रोगी ‘बाराव्या खाटेवरचा’ एवढाच उरला, त्याचा चेहरा दिसेनासा झाला, म्हणजे सेविकेचे हात चालत असतात आणि डोळे मिटलेले असतात. त्यांत तिचा अपराध नसतो. अति पाहिल्यानें दृष्टि आपलें रक्षण असें करते.

आपल्या जिल्ह्यांत हें कोणास पुस्तकांतून शिकावयास नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहांटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयांतील नवजात अर्भकांच्या कक्षास आग लागली. दहा बालकें दगावलीं, सात वांचलीं. चौकशीचा व दोषाचा विचार करण्याचें हें स्थळ नव्हे. त्या मातांचें दुःख सर्वांत मोठें, ह्याविषयींही वाद नाहीं. परंतु रुग्णालयास शोकासाठीं दार लावून बसतां येत नाहीं. दुसऱ्या दिवशींही पाळ्या लागतात, दुसऱ्या दिवशींही बालकें जन्मतात. पुढें थोड्याच महिन्यांत कोविडची दुसरी लाट आली. जे डोळे हें सारें पाहत राहिले, त्यांस आपण काय दिलें? २२ मार्च २०२० रोजीं देशभर थाळ्या वाजल्या; तें उचितच झालें. पण थाळी वाजवून वाजविणारा घरांत गेला, आणि परिचारिका पाळीवर गेली.

आतां चित्रांकडे वळूं. संत लूक वैद्य होते, हें संत पौलानें कलस्सै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रावरून कळतें. ते चित्रकारही होते आणि देवमातेचें चित्र त्यांनीं रेखाटलें, ही मात्र परंपरा. इतिहासकार ती मानीत नाहींत, आणि आम्हीही तिचा आग्रह धरीत नाहीं. तथापि वैद्य आणि चित्रकार ह्या दोघांचाही आश्रयदाता एकच संत असावा, ह्यांत ख्रिस्तसभेचें शहाणपण दिसतें. दोघांचेंही पहिलें काम लक्षपूर्वक पाहणें हेंच आहे. रोममध्यें देवमातेचें एक प्राचीन चित्र आहे. तें परंपरेनें संत लूक ह्यांच्याच हातचें मानतात. त्याच्या लॅटिन नांवांतील मुख्य शब्दाचा अर्थ आरोग्य असाही होतो, तारण असाही होतो. २७ मार्च २०२० रोजीं पोप फ्रान्सिस भर पावसांत, ओस पडलेल्या संत पेत्राच्या चौकांत प्रार्थनेस आले, तेव्हां तेंच चित्र तेथें आणविलें होतें.

दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे. आज फ्रान्समध्यें असलेल्या आल्सास प्रांतीं इझेनहाइम येथें संत अंतोनीच्या संप्रदायाचा मठ होता. राय नांवाच्या धान्यावरील विषारी बुरशीनें अंगाची आग होऊन हातपाय सडत. अशा रोग्यांची शुश्रूषा तेथील बंधु करीत. त्यांच्या वेदीसाठीं मथियास ग्र्युनेवाल्ड ह्यानें १५१२ ते १५१६ च्या सुमारास चित्रें काढलीं. त्यांतील क्रूसावरच्या प्रभूचें सर्वांग व्रणांनीं भरलेलें आहे. रोग्यांस तें पाहून धीर येत असावा, असें बहुतेक ग्रंथकार लिहितात. आमचें मन मात्र त्या बंधूंकडे जातें. दिवसभर ज्या जखमा धुवून त्यांच्या मनास घट्टे पडले असतील, तशाच जखमा वेदीजवळ आल्यावर त्यांस प्रभूच्या देहावर दिसत. तेथें कांहीं धुवावयाचें नव्हतें, बांधावयाचें नव्हतें. केवळ पाहावयाचें होतें.

इतक्या दूर कशाला? आपल्या गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हे प्रथम मुंबईस वैद्यकी शिकूं लागले होते. ती सोडून ते चित्रकलेकडे वळले आणि शांतिनिकेतनांत अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेंत शिकले. पुढें पुण्यास राहून त्यांनीं देवमाता आपल्याकडील स्त्रीच्या रूपांत, लुगडें नेसलेली अशी चितारली. त्यावरून त्या काळीं पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रीस असें चित्र दिसलें, तर तिला परकी राणी दिसणार नाहीं, घरचें माणूस दिसेल.

परंतु पाहण्यापेक्षां स्वतः काढण्याचा उपयोग अधिक, असें आम्हांस वाटतें. अमेरिकेंतील कोलोराडो विद्यापीठानें कोविडच्या काळांत रुग्णसेवकांचे गट केले. चित्रकला, संगीत, नृत्य व लेखन ह्यांपैकीं एकेक कला हातीं घेऊन ते बारा आठवडे, दर आठवड्यास एकदां जमले. त्यांच्या मनाची चिंता व थकवा कमी झाल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. ह्यांत चमत्कार नाहीं. रुग्णालयांत प्रत्येक हालचालीस नियम आणि नोंद. चूक झाली तर जीव जाईल हें भय. कागदावर रेघ चुकली तर कोणी मरत नाहीं. जें तोंडानें सांगतां येत नाहीं, तें काळ्या रंगाचा एक फरांटा ओढून बाहेर काढतां येतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परिचारिका अपुऱ्या नेमावयाच्या, रजा नाकारावयाची, आशा सेविकेस मानधनासाठीं तिष्ठत ठेवावयाचें, आणि भिंतीवर एक चित्र टांगून कर्तव्य झालें म्हणावयाचें, हें ढोंग आहे. प्रभूनेंही दमलेल्या शिष्यांस आधीं एकांतांत जाऊन विसांवा घ्यावयास सांगितलें.

आमची योजना अगदीं साधी आहे. धर्मग्रामाचें सभागृह आठवड्यांतून दोनदां, पाळ्यांच्या वेळा पाहून एकदां दुपारीं व एकदां सायंकाळीं, रुग्णसेवकांसाठीं उघडें राहील. डॉक्टर, परिचारिका, आशा, रुग्णवाहिकेचे चालक, सफाई कामगार, सर्वांनीं यावें. धर्म विचारला जाणार नाहीं, प्रवचन होणार नाहीं. आम्ही स्वतः चहापुरतेच येऊं. स्पर्धा नाहीं, बक्षीस नाहीं, प्रदर्शनही नाहीं. चित्र ज्याचें त्यानें घरीं न्यावें किंवा फाडून टाकावें. ‘आम्हांस येत नाहीं’ ही सबब चालणार नाहीं. ह्याच जिल्ह्यांत पवनीस दोन हजार वर्षांमागें स्तूपाच्या दगडांवर माणसांनीं आकृति कोरल्या. आणि रोज अंगणांत रांगोळी घालणाऱ्या हातांस रेघ कोणी शिकवावी?

कागद व रंगांचा खर्च महोत्सव-निधींतून व्हावा, हा ठराव समितीपुढें ठेवला आहे. आयांस निवांतपणें बसतां यावें म्हणून लहान मुलें शेजारच्या खोलींत सांभाळावयाची आहेत. त्यासाठीं चार-पांच मुली हव्या आहेत. त्यांनीं आपलीं नांवें येत्या रविवारीं मिस्सानंतर धर्मभगिनींकडे द्यावींत.